थंडीत हात आखडता घ्या

डिसेंबर लागला की आपल्या ग्वाल्हेरच्या स्वयंपाकघरांना जोर चढतो. पोह्यांत मटार, उसळीत मटार, कचोरीत मटार, आणि उन्हाळ्यासाठी फ्रीजरमध्ये भरून ठेवायचे तेही मटारच. दोन किलो शेंगा सोलल्या की किलोभर टरफलं उरतात. त्यात मेथीच्या काड्या, मुळ्याचा पाला, हलव्याच्या गाजरांची सालपटं आणि दुपारी उन्हात बसून खाल्लेल्या संत्र्यांची सालं. वर्षभरात ओला कचरा सगळ्यात जास्त निघतो तो या दोन महिन्यांत. आणि गच्चीवरच्या किंवा बाल्कनीतल्या खोक्यातली गांडुळं सगळ्यात कमी खातात तीही याच दोन महिन्यांत.

घरच्या घरी गांडूळखत करणाऱ्यांची जानेवारीतली बहुतेक रडगाणी या एका विसंगतीतून येतात. दिवाळीच्या आसपास मोठ्या हौसेनं आणलेलं खोकं संक्रांतीपर्यंत वास मारायला लागतं. मग घरात ठरतं, "हे आपल्याला जमायचं नाही." खोकं अडगळीत जातं. दोष मात्र थंडीला दिला जातो. थंडीचा त्यात वाटा आहे, नाही असं नाही. पण माझ्या पाहण्यात थंडीनं मेलेल्या गांडुळांपेक्षा लाडानं मेलेली जास्त आहेत. म्हणून या वेळचं सदर थंडीतल्या खोक्याबद्दल.

आधी थंडीत आत काय होतं ते पाहू. गांडुळाला स्वतःची ऊब नसते. भोवतालचं तापमान तेच त्याच्या शरीराचं तापमान. पारा उतरला की त्याचं चालणं, खाणं, पिलावळ वाढवणं सगळंच मंदावतं. पण मंदावतं ते फक्त गांडूळ नाही. गांडुळाला दात नसतात. आपण टाकलेलं केळ्याचं साल ते सरळ खात नाही. आधी बुरशी आणि जिवाणू ते साल मऊ करतात, आणि गांडूळ तो मऊ झालेला लगदा त्या जिवाणूंसकट गिळतं. थंडीत या जिवाणूंचं कामही सावकाश चालतं. ढोबळ हिशेब असा, की तापमान दहा अंशांनी उतरलं की कुजण्याचा वेग जवळपास निम्मा होतो. म्हणजे वाढपीही मंद आणि जेवणाराही मंद.

मी दिवसभर संगणकावर काम करणारा माणूस, त्यामुळे मला हे रांगेसारखं दिसतं. खिडकीवरचा कारकून सावकाश झाला आणि लोक पहिल्यासारखेच येत राहिले, तर रांग वाढतच जाते. बँकेत रांग वाढली तर लोक फार तर कुरकुरतात. खोक्यात वाढली तर ती सडते. न खाल्लेल्या ओल्या थरात हवा खेळत नाही, तो आंबतो, आणि आंबट, चिकट, हवा नसलेला थर गांडुळाला थंडीपेक्षा जास्त घातक असतो. गांडूळ कातडीनं श्वास घेतं. ओल त्याला लागतेच, पण त्या ओलीत हवाही लागते.

आता मुद्द्याचा प्रश्न: तुमच्या खोक्यात गांडूळ कुठलं आहे? हा प्रश्न विकत घेताना फारसं कोणी विचारत नाही, आणि ग्वाल्हेरसारख्या गावात सगळं त्यावरच अवलंबून असतं. आपल्याकडे गांडूळखतासाठी मुख्यतः दोन जाती मिळतात. एक आयसेनिया फेटिडा. हे लहानसर, लालसर गांडूळ. अंगावर फिकट पिवळट पट्टे, भिंगातून पाहिलं की कड्या-कड्या स्पष्ट दिसतात. दुसरं युड्रिलस युजेनी. हे जास्त लांब आणि जाड, रंग जांभळट तपकिरी, उजेडात धरलं की अंगावर निळसर झाक. हे मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं, उष्ण प्रदेशातलं. २५ ते ३० अंशांत ते झपाट्यानं खातं आणि झपाट्यानं वाढतं, म्हणून विकणाऱ्यांचं लाडकं. पण तापमान बराच काळ १०-१२ अंशांखाली राहिलं तर ते तग धरत नाही. आयसेनियाला १५ ते २५ अंश मानवतात, १०च्या खाली ते जवळजवळ खाणं सोडतं, पण जगतं. त्याचा जीव जातो तो आजूबाजूची ओल गोठायला लागली की.

ग्वाल्हेरला जानेवारीच्या पहाटे पारा ४-५ अंशांपर्यंत उतरणं काही नवं नाही. इंदूरला एरवी १०च्या आसपास, पण एखाद्या थंडीच्या लाटेत तिथेही ५पर्यंत जातो. म्हणून या दोन्हीकडच्या मंडळींनी आयसेनियाच मागून घ्यावं. हैदराबादला थंडीचे मोजके दिवस सांभाळले की युड्रिलसही चालतं. बडोद्याला आणि बेळगावला त्याची फारशी चिंता नाही, आणि गोव्यातल्या वाचकांनी हा लेख ग्वाल्हेरच्या नातेवाइकांना पाठवावा. तुमच्याकडे आधीच युड्रिलस असेल तर ते टाकून देऊ नका. डिसेंबर ते फेब्रुवारी ते खोकं घराच्या आत घ्या, एवढंच.

"आत म्हणजे कुठे?" असं विचारल्याबरोबर घरातल्या वडीलधाऱ्यांचा चेहरा मला दिसतो. आमच्या आईनंही पहिल्यांदा एका शब्दात निकाल दिला होता, "स्वयंपाकघरात नाही." तिचं म्हणणं रास्त होतं. खोकं जिन्याखाली गेलं, आणि तिथेच ते बरं आहे. जिन्याखाली, बंद व्हरांड्यात, कोठीच्या खोलीत किंवा धुण्याच्या जागेत गच्चीपेक्षा पाच-सात अंश सहज जास्त असतात. नीट चाललेल्या खोक्याला पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो, त्यापलीकडे काही नाही. वास आलाच तर ती खोक्याची तक्रार समजावी, आणि ती जवळजवळ नेहमी जास्तीच्या जेवणाबद्दलच असते.

घरात खोकं ठेवण्याची कल्पना मुळात थंडीमुळेच रुजली. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कॅलमझू गावी मेरी ॲपलहॉफ नावाच्या जीवशास्त्राच्या शिक्षिका राहत. तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो, अंगणातला खतखड्डा थिजतो. १९७०च्या दशकात त्यांनी गांडुळं आणून खोक्यात घरातच ठेवली आणि कचरा हिवाळाभर जिरवला. पुढे १९८२मध्ये त्यांचं 'वर्म्स ईट माय गार्बेज' हे छोटं पुस्तक आलं आणि घरगुती गांडूळखत करणाऱ्यांचा तो जगभरचा आधार झाला. बर्फाच्या गावात जे जमलं ते आपल्या धुक्याच्या गावात जमायला हरकत नाही.

ज्यांना खोकं बाहेरच ठेवावं लागतं त्यांच्यासाठी चार गोष्टी.

पहिली, उघड्या आभाळाखाली ठेवू नका. गच्चीचा स्लॅब रात्रभर आभाळाकडे ऊब सोडत असतो, आणि त्यावर टेकलेलं खोकंही. वर पत्रा, छज्जा, निदान जुन्या टेबलाचं छप्पर असावं. खाली दोन विटांवर फळी किंवा थर्माकोलचा तुकडा ठेवा, म्हणजे बुडाकडून थंडी चढणार नाही. दक्षिणेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीला टेकवलं तर भिंतीनं दिवसभर साठवलेली ऊबही मिळते.

दुसरी, लहान-लहान खोकी एकत्र करा. एक फूट लांब-रुंद-उंच खोक्याला बाहेरची बाजू सहा चौरस फूट आणि आत माल एक घनफूट. दोन फुटी खोक्याला बाजू चोवीस चौरस फूट, पण माल आठ घनफूट. म्हणजे प्रत्येक घनफुटामागे ऊब निसटायची जागा निम्मीच. भांडंभर भात लवकर निवतो आणि पातेलंभर उशिरा, तोच हिशेब. दोन क्रेट असतील तर हिवाळ्यापुरते एकात रिकामे करा; तेवढी जागा नसेल तर निदान एकमेकांना चिकटवून ठेवा.

तिसरी, पांघरूण श्वास घेणारं हवं. खोक्याभोवती जुनं पोतं, जुनी सतरंजी, मध्ये वाळलेला पाला किंवा गवत. वर झाकणाच्या आत कोरड्या पुठ्ठ्याचा एक थर. रात्री झाकणाला दव धरतं आणि आत टपकतं, ते हा पुठ्ठा पितो. लिबलिबीत झाला की बदलायचा. ऑनलाइन खरेदीचे पुठ्ठे आता प्रत्येक घरात ढिगानं असतात, फक्त त्यावरची चिकटपट्टी आणि चकचकीत कागद काढून घ्या. प्लास्टिकच्या कागदात सगळं गच्च गुंडाळू नका. ऊब राहील, पण हवा जाईल.

चौथी, जाळी तपासा. थंडीत उंदीर आणि चिचुंद्र्यांनाही उबदार जागा हवी असते, आणि चिचुंद्रीला गांडूळ म्हणजे पक्वान्न. हवेच्या भोकांवर बारीक लोखंडी जाळी असावी.

काहीजण खोक्यात बल्ब सोडतात किंवा खाली विजेची गरम चादर घालतात. ओल्या खोक्याजवळ वीज नेण्यात धोका आहे, आणि त्याची गरजही नाही. त्यापेक्षा दोन लिटरच्या दोन बाटल्या पाण्यानं भरून दिवसभर उन्हात ठेवा आणि संध्याकाळी पोत्याच्या आत, खोक्याला लावून ठेवा. पाणी ऊब हळूहळू सोडतं. तळघरातल्या हंड्यासारखी ही युक्ती बिनखर्चाची आहे. आणखी हवं असेल तर खोक्याच्या एकाच कोपऱ्यात आठवडाभर जुनं शेण ओंजळभर पुरा. ते कुजताना थोडं तापतं. एकाच कोपऱ्यात अशासाठी, की नको वाटलं तर गांडुळांना बाजूला सरकायला जागा राहावी.

आणि एक साधा, लांब काडीचा थर्मामीटर घ्या. हवेचं तापमान पाहून घाबरू नका. काडी मधोमध सहा इंच खुपसा आणि तिथलं पाहा. बाहेर ५ अंश असताना मध्यभागी १२ असतील तर तुमचं काम झालं आहे.

आता जेवणाकडे येऊ, कारण खरा प्रश्न तिथे आहे. बऱ्या हवेत किलोभर गांडुळं रोज अर्धा किलोपर्यंत कचरा खाऊ शकतात, असा साधारण अंदाज असतो. खोक्याच्या मध्यभागी १२-१३ अंश असताना त्याच्या पावपटच द्या, तेही रोज नाही. आठवड्यातले दोन वार ठरवा, समजा बुधवार आणि रविवार. त्या दिवशी आधी मागचं उकरून पाहा. मागचं संपलं नसेल तर पुढचं नाही, हा एकच नियम पाळला तरी निम्मे घोळ टळतात. दोन दिवस उपाशी राहिलेलं गांडूळ मरत नाही, ते खालचा पुठ्ठा आणि पाला खातं. दोन दिवस नासक्या थरात अडकलेलं मात्र मरू शकतं.

जे द्याल ते बारीक चिरून, मधोमध, दोन इंच खाली पुरून द्या आणि वर मूठभर फाडलेला पुठ्ठा टाका. कडेला टाकू नका. कडा सगळ्यात गार असतात आणि थंडीत गांडुळं मध्यभागी गोळा होऊन बसतात. संत्र्याची सालं हिवाळ्यात दूरच ठेवलेली बरी, त्यांतलं तेल गांडुळांना सोसत नाही. लोणचं, मीठ, तेलकट उरलंसुरलं बाराही महिने नको.

मग मटारच्या टरफलांचं काय? ती ताजी ढिगानं टाकली की ओला, दाट थर होतो. त्यापेक्षा गच्चीवर जुन्या चादरीवर पसरा. ऊन चांगलं असेल तर तीन-चार दिवसांत कुरकुरीत वाळतात आणि आकारमान खूप कमी होतं. चुरून गोणीत भरून ठेवा. हा साठा मार्च-एप्रिलपर्यंत टिकतो, आणि तेव्हा गांडुळांना भूकही असते. उरलेल्यासाठी एक जुनी मातीची कुंडी घ्या, तिच्यात एक थर कचरा, एक थर कोरडा पाला असं रचत जा. ती आपल्या गतीनं कुजत राहील. त्याहूनही उरलं तर नगरपालिकेच्या ओल्या कचऱ्याच्या गाडीत निःसंकोच द्या. इंदूरला देवगुराडियाच्या प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी तयार होतो. २०२२च्या फेब्रुवारीत सुरू झाला तेव्हा या प्रकल्पाची क्षमता रोजची ५५० टन होती. वेगळा करून दिलेला ओला कचरा वाया जात नाही. सगळं आपल्याच खोक्यात जिरलं पाहिजे हा हट्ट खोक्याच्या जिवावर येतो.

पाण्याचंही तसंच. उन्हाळ्यातली शिंपडायची सवय हिवाळ्यात सोडावी लागते. धुक्याच्या दिवसांत बाष्प उडतच नाही, आणि मावठ्याची एखादी सर आली तर उघडं खोकं दोन तासांत भिजतं. आतला मूठभर माल घट्ट पिळून पाहा. एक-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर फाडलेला कोरडा पुठ्ठा मिसळा, अजिबात आलं नाही तरच पाणी द्या. आणि ते गच्चीवरच्या टाकीतलं बर्फासारखं नको, घरात ठेवलेलं द्या.

गेल्या वर्षी भोगीच्या दिवशी आमच्या शेजारच्या काकूंचा निरोप आला. "अरे, ते खोकं तू घेऊन जा. सगळी मेलीत. मला आता ते बघवत नाही." काका गेल्यापासून गच्चीवरच्या त्यांच्या गुलाबांना खत या खोक्यातूनच जातं, त्यामुळे हा निरोप नुसत्या कचऱ्याबद्दल नव्हता. आम्ही गच्चीवर पोतं पसरलं आणि खोकं त्यावर उलटं केलं. वर चार इंच मटारची टरफलं आणि पालकाच्या काड्यांचा काळपट, आंबूस थर. त्यात खरोखरच काही जिवंत नव्हतं. त्याखाली ओलसर खताचा गोळा होता, आणि तो फोडल्यावर आत नारळाएवढ्या जागेत गांडुळं एकमेकांत गुंतून बसलेली. सुस्त होती, पण बोट लावल्यावर हलत होती.

काकू काही बोलल्या नाहीत. खाली वाकून त्यांनी स्वतःच वरचा थर खुरप्यानं बाजूला केला. खताच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढे, लिंबाच्या आकाराचे पिवळट मणी दिसत होते. "हे काय रे?" "काकू, ही अंडी. एकेका मण्यातून दोन-तीन पिल्लंही निघतात. मोठ्या गांडुळांपेक्षा हे मणी जास्त थंडी सोसतात." त्यांनी ते मणी निवडून मोजायला सुरुवात केली, तेव्हा मी गप्प बसलो. खोकं कोरड्या पुठ्ठ्यावर पुन्हा भरलं, जिन्याखाली ठेवलं, आणि पंधरा दिवस त्यात काहीही घालायचं नाही असं ठरलं. काकूंना हे शेवटचंच जड गेलं. "काहीच नाही? मुठभर तरी?" घरी आलेल्याला उपाशी ठेवायचं नाही, या संस्कारात वाढलेल्या पिढीला रिकामं ताट पाहवत नाही. होळीपर्यंत खोकं पुन्हा भरलेलं होतं, पूर्वीइतकं नाही, पण गुलाबांना पुरेल इतकं.

म्हणून तुमची गांडुळं दिसेनाशी झाली तर खोकं टाकायच्या आधी उलटं करून पाहा. जिवंत गांडूळ एक जरी सापडलं, किंवा ते पिवळट मणी सापडले, तरी वाट पाहा. ऊब असली की मणी तीन आठवड्यांत फुटतात, थंडीत जास्त वेळ घेतात, एवढाच फरक. पिल्लं मोठी व्हायला पुढे दोन महिने. गांडुळं मोठ्या संख्येनं भिंती चढून बाहेर पळत असतील, तर मात्र आत आंबलं आहे किंवा पाणी साचलं आहे. जेवण बंद करा, वरचा थर काढा, कोरडा पुठ्ठा मिसळून माल हलका करा.

हिवाळ्यात खत काढायची घाईही नको. तयार खताचा जाड थर हीच गांडुळांची रजई आहे. ती जानेवारीत ओढून घेतली तर उरलेला माल लवकर गारठतो. महाशिवरात्र ते होळी या काळात, पहाटेचा पारा १२च्या वर स्थिरावला की खत काढा. तेव्हाच कुंड्यांनाही त्याची गरज असते.

एक सोय मात्र हिवाळाच देतो. नाताळच्या सुटीत पुण्याला लग्नाला आठ-दहा दिवस जायचं असेल तर खुशाल जा. शेजाऱ्यांना किल्ली देऊन "रोज थोडं घालत जा" असं सांगू नका. जाताना दोन मुठी बारीक चिरलेलं घाला, वर पुठ्ठा, वर पोतं, आणि कुलूप लावा. उन्हाळ्यात, पारा ४५ला टेकलेला असताना, हे कधीही करता येणार नाही. त्याबद्दल एप्रिलच्या सदरात.

तोवर मुलांना एक काम द्या: दर रविवारी थर्मामीटर खुपसून आकडा कॅलेंडरवर लिहायचा. आकडा १२च्या आत असेल त्या आठवड्यात मटारची टरफलं गच्चीवर वाळत पडू द्या.